कातरपेटी

पितळेची पेटी, तळहाताएवढी,
मधोमध आडवी कापलेली.
वरचा भाग धरून ठेवायचा, खालचा ओढायचा,
इतका सावकाश की
तानेकेची कॉफी निवून जाते
आणि वाळू जेमतेम दोन मिलिमीटर सरकलेली असते.

वर वजन. वजनावर काटा.
कुणालाही वाटेल, एवढं दडपल्यावर खालीच बसणार.
ठासून भरलेली वाळू बसत नाही,
उठते.
पुढे जायचं तर एकेका कणाला
शेजारच्याच्या खांद्यावर चढावं लागतं,
आणि चढताना सगळे मिळून वजनालाही उचलतात.
काटा वर जातो. केसभर.

हे तिला सहाव्या वर्षीच ठाऊक होतं,
डेल्फ्टला यायच्या कितीतरी आधी, टोलन बेटावर.
ओहोटीच्या ओल्या पुळणीत क्राइनमामा म्हणायचा,
"हळू टेक पाय. आता बघ."
पावलाभोवतीची वाळू क्षणात फिकट, कोरडी,
जणू पावलाला तहान लागली होती.
"पाऊल नाही गं पीत. कण फाकतात,
पाणी मधल्या फटींत जाऊन लपतं."
तो बांधाचा राखणदार. शाळा अर्धवट सोडलेला.
खिशात रविवारच्या लांबलचक प्रवचनासाठी पेपरमिंट,
चघळताना दाताखाली कचकचणारे.

सैल वाळूचं निराळं.
भरतीनं घाईघाईत टाकून दिलेली,
कण एकमेकांना नुसते टेकलेले, आधार म्हणावा असा नाही.
तरी उभी राहते वर्षानुवर्षं
बांध पाठीवर घेऊन.
वर मेंढ्या चरतात, पोरं सायकली हाकतात,
कुणी कुणाला मागणी घालतं.
मग एखाद्या खोल ओहोटीला
पायथ्याची फावडंभर वाळू भोवरा घेऊन जातो,
आणि सगळ्याच कणांना एकदम खाली बसायचं असतं.
मधल्या पाण्याला निघायला वाट नाही, वेळ नाही.
ओझं पाण्यावर येतं.
पाणी दाब सोसतं.
ओढ सोसत नाही.

ती कातरवेळ होती, मार्चातली.
क्राइन सायकल बांधावर टेकवून
फाटकाची कडी बघायला पुढे गेला होता.
वळला, तर मागची वाट नव्हती.
आवाजही नव्हता, असं तो सांगतो;
साठ पावलं बांध
सायीसारखा घडी पडत खाडीत गेला.
एक मेंढी. एक सायकल.
माझ्या भाषेत पायाखालची वाळू सरकते
ती बोलण्यापुरती.
त्याची खरंच सरकली, आणि महिनाभर
तो जेवताना ताटाला एक हात लावून बसायचा.

आज तानेकेपुढे त्याच जागेची वाळू आहे,
नळी क्रमांक चौदा.
एका पेटीत ठासून भरली, दुसरीत नुसती सोडली.
एकीचा काटा चढला, दुसरीचा उतरला.
ती ओढत राहिली.
दुपारी तीनच्या सुमाराला दोन्ही काटे थांबले,
आणि आता दोन्ही पेट्यांतली वाळू
सारखीच दाट, सारखीच सैल.
योस्ट म्हणतो, पुरेसं ओढलं की ती विसरते
आपल्याला कुणी कसं भरलं होतं ते.
तानेकेला हा शब्द पटत नाही. तिनं अहवालात
"पूर्वस्थितीचा परिणाम उरत नाही" असं लिहिलं.

शनिवारी तिनं मामाला हे सगळं सांगितलं,
टेबलावरच्या साखरेत बोटानं रेघा ओढून.
त्यानं ऐकलं. साखर परत डब्यात भरली.
विचारलं, "मेंढीचं लिहिलंस का?"

मग दोघं बांधावर गेले.
आता तिथे दगड आहेत, गवतही जुन्यासारखंच,
जोड कुठे ते कुणाला दिसत नाही.
क्राइन मात्र तिथे सायकलवरून उतरतो.
साठ पावलं चालतो, मोजत, ओठ हलवत,
मग पुन्हा टांग टाकतो.
खिशात पेपरमिंट आणि दोन किल्ल्या.
एक या सायकलची.